कापलेले सात सेकंद: गोव्यातल्या उत्सव समित्यांना आणि भजनी मंडळांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या देवस्थानांच्या उत्सव समित्या आणि भजनी मंडळे

सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला आहे. ऊन दिसेल तेव्हा सतरंज्या वाळत पडत असतील, पखवाजाची शाई दुरुस्त होत असेल आणि कुठल्या बुवांना कुठली पाळी द्यायची यावरून पहिलं भांडणही होऊन गेलं असेल. अशा घाईत लांबलचक पत्र कोण वाचतो, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि तीच चूक यंदा तुमच्याही गावात व्हायची सगळी तयारी झालेली मला दिसते आहे.

मी पेडण्याकडचा. गेली बावीस वर्षं गावच्या सप्ताहाला, जत्रेला, काल्याला मायक्रोफोन माझ्या हातात असतो. "पांढरी स्कूटर कुणाची असेल त्यांनी ती वाटेतून काढावी" इथपासून "आता सादर होत आहे" इथपर्यंत सगळं मीच बोलतो. मानधन नाही, मान आहे. तो मी मिरवतोही.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या समाप्तीनंतर संध्याकाळी महिला मंडळाचा कार्यक्रम होता. समितीने हातात कागद ठेवला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "शाळेची घंटा, पारंपरिक गीत". मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, आवाज लावून वाचलं: "आता ऐकूया आपल्या मातीतलं एक पारंपरिक गीत!" बायका छान म्हणाल्या. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते गीत लिहिणाऱ्या बाई बसल्या होत्या. मला चौथीत शिकवलेल्या बाई. गीत त्यांचं आहे हे मला ठाऊक होतं. कागदावर होतं म्हणून वाचलं, एवढंच माझं स्पष्टीकरण, आणि ते स्पष्टीकरण म्हणून फारच किडकं आहे.

कार्यक्रम उठल्यावर बाई चहाचा कागदी पेला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "पारंपरिक म्हणजे मेलेला ना रे? मी अजून पेन्शन घेते."

ज्या अल्बममधून हे गाणं आमच्या महिला मंडळाने उचललं, तो आता तुमच्या बहुतेकांच्या पेनड्राइव्हवर पोचला आहे. तो काढणारा आमच्याकडचा एक लोकगायक, घुमट (कातडं चढवलेलं मातीचं वाद्य) वाजवत म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांतून पुढे आलेला. चवथीच्या दिवसांत रात्रभर घरोघर आरत्या म्हणत फिरणारा, फाग आणि चंद्रावळ ही घुमटावरची गाणी म्हणताना बसल्या जागी अर्धा उठणारा. त्याने सात कवितांना चाली लावल्या: दोन संतकवी सोहिरोबानाथांची पदं, दोन बाकीबाब (बा. भ.) बोरकरांच्या कविता आणि तीन आमच्या बाईंच्या. साथीला घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कांसाळें म्हणजे मोठ्या झांजा, आणि एक पेटी. बस्स. कीबोर्ड नाही, बासरीचा तो नेहमीचा धुक्यातला तुकडा नाही.

या पत्रात गायकाचं नाव नाही, बाईंचंही नाही. नावासाठी भांडणाऱ्या पत्रात नावच नसावं हे विचित्र आहे, हे मलाही कळतं. पण बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नाव गाण्याबरोबर सांग, भांडणाबरोबर नको." गायकाचंही तेच म्हणणं पडलं.

ध्वनिमुद्रणाला मी दोन दिवस जाऊन बसलो होतो, तेव्हा पाहिलेलं थोडं सांगतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला हात लावायचा नाही, ते योग्यच झालं, आणि आता घुमट बकरीच्या कातड्यावर वाजतं. पुढे सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणूनही जाहीर केलं. पण बकरीचं कातडं दमट हवेत सैल पडतं. आरतीच्या वेळी आपण ते विस्तवावर शेकतो. स्टुडिओत विस्तव कुठला? तिथल्या थंड यंत्रात घुमटं अशी बसली की थाप पडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. शेवटी ध्वनिमुद्रकाने बायकोला फोन करून केस वाळवायचं यंत्र मागवलं. दर गाण्याआधी चार घुमटं ओळीने त्या गरम वाऱ्यावर धरायची, मग लाल दिवा लागायचा.

आता त्या घंटेच्या कवितेचं ऐका. मुलं कमी झाली म्हणून बंद पडलेली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, असं चित्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या वाड्यावर असेल. बाईंची शाळा तशीच बंद झाली. कवितेची सुरुवात अशी:

घंटा टांगली आंब्याला
वाजवाया मूल नाही

साधी अष्टाक्षरी. दुसरी ओळ ठेक्यात चार-चार अक्षरांनी आपसूक बसते: वाजवाया, मूल नाही. पहिली बसत नाही. चारावर तोडली की "घंटा टांग" असं होतं आणि "ली आंब्याला" मागे उरतं. पहिल्या तालमीला शामेळ वाजवणारा पोरगा "टांग" ऐकून इतका हसला की त्याच्या हातातली काठी पडली. दुसरा कुणी असता तर त्याने बाईंना सरळ सांगितलं असतं, शब्द बदला. चालवाले कवींना हेच सांगत आले आहेत. या माणसाने शब्दाला हात लावला नाही. "घंटा" हा एकच शब्द त्याने चारही मात्रांवर लांबवला, "टा"वर आवाज धरून ठेवला आणि "टांगली" पूर्ण शब्द पुढच्या आवर्तनात नेला. ओळ लांबली, ठेक्यात जागा रिकामी पडली, आणि त्या रिकाम्या जागेत कांसाळ्यांचा एकच ठोका. एकच. शाळा सुटल्याचा. बाई तालमीला भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या ठोक्यावर त्यांनी डोळे मिटले, मग पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसल्याचं निमित्त केलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

तुम्ही भजनी मंडळी आहात, तुम्हाला हे मी काय सांगायचं? आपल्याकडे अभंग म्हणताना कवीचं नाव वेगळं जाहीर करावं लागत नाही, कारण संतांनी ती सोय आधीच करून ठेवली आहे. शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. "तुका म्हणे" आलं की तुकोबा, "एका जनार्दनी" आलं की एकनाथ, "सोहिरा म्हणे" आलं की आपले सोहिरोबा. म्हणून तर बुवांना कितीही घाई असली, मागची पाळी कितीही अंगावर येत असली, तरी मधला चरण गाळतील पण शेवटचा गाळणार नाहीत. गाळला तर पेटीवाला मान वर करून बघतो. देवळात न शिकवता शिकलेली ही रीत आहे: ज्याचे शब्द, त्याचं नाव तोंडातून निघाल्याशिवाय गाणं संपत नाही.

सोहिरोबांचंच बघा. १७१४ साली बांद्याला जन्मलेला हा संतकवी. आमच्या पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी "हरिभजनावीण काळ घालवू नको रे" गायलं आणि ते पद महाराष्ट्रभर गेलं. पुष्कळांना ते "अभिषेकींचं" म्हणूनच माहीत. असू दे. पण पद शेवटपर्यंत म्हणणाऱ्याच्या तोंडून "सोहिरा म्हणे" निघतंच. कितीतरी काळ छापखाना नाही, रेडिओ नाही, कुणी निवेदक नाही, तरी नाव हरवलं नाही, कारण ते पदाच्या पोटात शिवलेलं आहे.

आजचा कवी मुद्रा घालत नाही. बाकीबाबांच्या कवितेच्या शेवटी "बाकी म्हणे" नाही. वर्गात मुलांना वृत्तं शिकवणाऱ्या बाईंना "म्हणे मास्तरीण" असं काही लिहायची लाज वाटली असती. म्हणजे पूर्वी शेवटचा चरण जे काम करत होता, ते आता मायक्रोफोनवरच्या माणसाकडे आलं आहे. माझ्याकडे. आणि मी "पारंपरिक" म्हणालो.

गायकाने ही अडचण ओळखली होती. आरती म्हणणाराच तो, नाव न घेता गाणं संपवणं त्याच्या जिभेला जमेना. म्हणून या अल्बममधलं प्रत्येक नवं गाणं संपताना तो घुमटं थांबवतो, एक श्वास घेतो आणि साध्या बोलत्या आवाजात सांगतो: शब्द यांचे, चाल अमक्या मांडावरची (मांड म्हणजे गावात गाण्या-नाचण्याची ठरलेली जागा), घुमट याचं, शामेळ त्याची. सात सेकंद लागतात. मी मोजले आहेत. मोजायची वेळ आली कारण ते सात सेकंद मीच कापले.

झालं असं की पहाटे देवळावरच्या कर्ण्यावर लावायला आमच्या समितीला तो अल्बम हवा होता. दोन सकाळी वाजवला आणि तक्रार आली: "गाण्याच्या मध्ये तो बोलतो काय? रेडिओ वाटतो." संगणकावर कापाकापी मला येते, तासाभराचं काम. पाचही नव्या गाण्यांची शेपटं उडवली, पेनड्राइव्ह भरली, दिली. ती पेनड्राइव्ह शेजारच्या गावात गेली, तिथून त्याच्या शेजारच्या. महिला मंडळाने गाणं शिकलं ते याच पेनड्राइव्हवरून. कागदावर "पारंपरिक" लिहिणाऱ्याचा तरी काय दोष? त्याने ऐकलेल्या गाण्याला शेवटच नव्हता.

तुमच्याकडे आज जी फाइल वाजते तिचा शेवट ऐका. कांसाळ्यांनंतर घुमटाची गुंज विरायच्या आत आवाज तुटत असेल, तर ती माझ्या हातची आहे.

हे मी आमच्या बैठकीत बोललो, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "देवाच्या दारात माणसाचा नाव कशाक?" माणूस भला आहे, उभी हयात देवळासाठी खपला आहे, म्हणून तिथे मी गप्प बसलो. इथे उत्तर देतो. दादानु, बैठक झाली त्या सभामंडपात मान वर केली तर पंख्याच्या पात्यांवर नाव, खाली बघितलं तर फरशीवर "यांच्या स्मरणार्थ", पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर नाव, घड्याळाच्या काचेवर नाव. ते असावंच, पैसे दिलेत त्यांनी. ज्याने शब्द दिले त्याच्याच नावाने देऊळ बाटतं का? आणि अहंकाराचंच म्हणाल, तर तुकोबांनी हजारो अभंगांत स्वतःचं नाव घातलं. त्यांना अहंकारी म्हणायचं धाडस तुम्हाला आहे का? मला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगून मोकळा होतो, कारण दर बैठकीत कुणीतरी अर्धवट ऐकलेलं काढतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं म्हटलं किंवा वाजवलं तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. सांस्कृतिक संध्या, तिकीट लावलेली मैफल, ऑर्केस्ट्रा हे त्या सुटीत धरून चालू नका. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०४४च्या अखेरपर्यंत आहे. आमच्या गायकाने रीतसर परवानगी घेतली. आणि पैशांचं काही असो, आपली रचना आपली म्हणून सांगितली जावी हा हक्क कायद्याने कवीला वेगळा दिला आहे. पण बाई कोर्टात जाणार नाहीत. त्या फार तर तुमच्याकडे चष्म्यावरून बघतील. चौथीत मी ती नजर खाल्ली आहे, कोर्ट परवडलं.

"पारंपरिक" या शब्दाशी माझं वैर नाही, हेही सांगायला हवं. पौषातल्या रात्री मांडावर बायका धालो म्हणतात, फुगडीची गाणी म्हणतात, त्यांचा कर्ता शोधायला जाऊ नये. कुणी एकीने एक ओळ घातली, दुसरीने सासूच्या नावाने तिला टोक काढलं, तिसरी विसरली म्हणून तिथे नवीनच काही आलं. तिथे "पारंपरिक" म्हणणं म्हणजे त्या सगळ्याजणींचं नाव एकदम घेणं. तो मानाचा शब्द आहे, म्हणूनच तो असा आळसाने वापरलेला मला खपत नाही. आपल्याला माहीत नाही म्हणून ते परंपरेचं, हा कुठला हिशेब? आमच्या गायकाने तर उलट केलं. घंटेच्या गाण्याची चाल त्याने आपल्या आतेच्या धालोच्या गाण्यावरून घेतली, आणि त्या सात सेकंदांत आतेचाही उल्लेख केला. आते हयात नाही. तिचा आवाज कुठेही मुद्रित नाही. तिच्या असण्याची तेवढीच सार्वजनिक नोंद होती, ती मी माउसच्या एका टिचकीने उडवली.

भजन स्पर्धा भरवणाऱ्यांना एक वेगळी विनंती. तुमच्या प्रवेश अर्जात मंडळाचं नाव असतं, बुवांचं असतं, पखवाजवादकाचं असतं. अभंग, गवळण आणि गजर यांच्यापुढे "रचना कुणाची" एवढा एक रकाना वाढवा. मंडळांना शोधावं लागेल. शोधू दे की. गवळण कुणाची हे ठाऊक नसताना तीस-तीस वर्षं ती म्हणणारे बुवा मी बघितले आहेत, आणि नाव कळल्यावर त्याच माणसाची ती म्हणायची तऱ्हा बदललेलीही बघितली आहे. परीक्षक गुण देवोत न देवोत.

पैशांवर मी फार लिहीत नाही, तो तुमचा खजिनदार आणि तुमचं मन यांच्यामधला प्रश्न आहे. फक्त इतकंच नोंदवतो की बाहेरच्या वाद्यवृंदाला आगाऊ रक्कम पोचती होते आणि घरच्या घुमटवाल्याला शाल, श्रीफळ आणि "तू आमचाच रे". नारळ त्याच्या परसात भरपूर आहेत. अल्बमच्या मुद्रणासाठी त्याने काढलेलं पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचं आहे. त्याला बोलावणार असाल तर चार घुमटांसकट बोलवा, ट्रॅकवर एकट्याला उभं करू नका. घुमटवाल्यांच्या पोटाला आणि कातडं शेकायला विस्तव, एवढी त्याची अट असते. पेनड्राइव्ह वाजवून काम भागतं हे खरं, पण मग निदान पूर्ण वाजवा.

माझ्यापुरतं मी काय केलं ते सांगतो. मूळ फाइल्स गायकाकडून पुन्हा आणल्या. सातही गाणी जशीच्या तशी नव्या पेनड्राइव्हवर भरली. ती देवळाच्या कार्यालयात कपाटाच्या वरच्या खणात आहे, लाल दोरा बांधलेली, म्हणजे जुनीशी गल्लत होणार नाही. ज्या समितीला हवी असेल तिने माणूस पाठवावा, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मी तिथे असतो. येताना आपली जुनी घेऊन यावी, तिच्यावरचं पुसून तीच भरून देईन.

यंदाच्या समाप्तीला महिला मंडळ तेच गाणं पुन्हा म्हणणार आहे. बाईंना निमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो होतो. ओसरीवर बसवून त्यांनी चहा दिला, आणि मी सोबत नेलेला घोषणेचा कागद वाचायला घेतला. आधी कवयित्रीचं नाव, मग गायकाचं, मग आतेचं, मग वादकांचं. बाईंनी पेन मागितलं. कागदावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या, आतेचं नाव स्वतःच्या नावाच्या वर नेऊन ठेवलं आणि कागद परत दिला. म्हणाल्या, "आता वाच. मोठ्याने."

कळावे, लोभ असावा.

आपला,
मायक्रोफोनवरचा माणूस
पेडणे, गोवा